टिळकवाडीतलं फॅमिली कौन्सेलिंग: दुसऱ्या लग्नानंतर घरात वाढत्या वयाची पोरं असतील तर हा रिव्ह्यू वाचा

सरळ मुद्द्यावर येते. बेळगावात, टिळकवाडीत आरपीडी कॉर्नरपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी एक मॅडम फॅमिली कौन्सेलिंग करतात, त्यांच्याकडं आम्ही चौघं बरेच महिने जातोय, आणि ज्यांच्या घरात दुसरं लग्न झालंय, दोन्हीकडची वयात आलेली पोरं एकत्र राहायला लागलीत, त्यांनी जरूर जावं असं माझं मत आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं लिहिते. नाव टाकत नाही कारण पोरांना विचारलं तर दोघंही नको म्हणाली, वर्गातली पोरं सगळं वाचतात म्हणे. कोणाला खरंच गरज असेल तर मेसेज करा, पत्ता आणि नंबर देते.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. माझे पहिले मिस्टर वारले, त्यानंतर बरीच वर्षं मी आणि माझा पोरगा दोघंच, तो आता दहावीला आहे. यांचा घटस्फोट झालेला, मूळचे महाराष्ट्रातल्या चंदगडकडचे, कामाला उद्यमबागेत, पोरगी चंदगडला आजी-आजोबांकडं वाढलेली, आता आठवीत. लग्न झाल्यावर आम्ही वडगावात वरचा मजला भाड्यानं घेतला आणि तिला इकडं आणलं. मोठी माणसं चार जणांना विचारून, सगळा विचार करून लग्न करतात, पण पोरांना कोण विचारतंय? पोराच्या घरात एकदम एक काका आणि एक मुलगी आली, पोरीचं गाव बदललं, शाळा बदलली, घरात नवीन बाई, बाहेर नवीन भाषा, आणि वर सगळे पाहुणे म्हणणार बघ किती छान झालं, तुला भाऊ मिळाला. पोरगी आमच्याबरोबर जेवायला बसायची नाही. पोरगा क्लासवरून आला की थेट गच्चीवर. भांडण म्हणावं तर भांडणही नाही, कोणी कोणाशी बोलतच नव्हतं.

या मॅडमच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथं चौघांना एका रांगेत बसवून पोरीला सांगितलं की आता हीच तुझी आई, आई म्हणून हाक मार बघू. पोरीनं मान खाली घातली ती बाहेर रस्त्यावर येईपर्यंत वर केली नाही. तिची आई आहे, गडहिंग्लजला असते, दर रविवारी फोन करते. ती असताना माझ्या तोंडाकडं बघून आई म्हण असं त्या लेकराला सांगणं मला अजिबात पटलं नाही, परत तिकडं गेलोच नाही.

म्हणून टिळकवाडीच्या मॅडमनी पहिल्यांदा फक्त आम्हा दोघांना बोलावलं तेव्हाच मला बरं वाटलं. पोरांना आणू नका म्हणाल्या. मग एकदा मी आणि पोरगा, एकदा हे आणि पोरगी, मग पोरं एकेकटी, आणि चौघांना एकत्र बसवलं ते खूप उशिरा. कारण पण सांगितलं. चौघं एकत्र बसलं की रक्ताचं नातं असलेली जोडी आपोआप एका बाजूला होते आणि बाकीचे दोघं बाहेरचे होतात, पोरांना हे मोठ्यांच्या आधी जाणवतंय. घरी येऊन बघितलं तर अगदी तसंच चाललेलं. मी आणि पोरगा जुन्या गल्लीतल्या कोणाबद्दल बोलून हसायला लागलो की पोरगी उठून आत जायची, आणि बाप-लेक त्यांच्या चंदगडी बोलीत भराभरा सुरू झाले की मला निम्मं कळायचं नाही, माझा पोरगा तर मोबाईल काढायचा. यात चूक कोणाचीच नाही, पण उपाय करायला लागतो. मॅडमचा उपाय असा की ‘सगळे एकत्र’ कमी करा आणि दोघा-दोघांचा वेळ वाढवा. आठवड्यातून एकदा यांनी फक्त पोरीबरोबर बाहेर जायचं, मी फक्त पोराबरोबर. मग हळूहळू मी आणि पोरगी, हे आणि पोरगा, तेही काहीतरी काम करता करता, समोरासमोर बसून नाही. यांनी पोराला सायकलची चेन बसवायला घेतलं, मी पोरीला घेऊन गणपत गल्लीत बाजार करायला जायला लागले. घरातले पाहुणे म्हणाले हे काय वेगळं वेगळं फिरणं, कुटुंब म्हणून सगळे एकत्र जावा की. पण खरं सांगते, पोरगी माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली ती तिथंच, भाजीवालीकडं ओल्या काजूचा भाव ऐकून. आमच्याकडं पडवीत पडलेले असतात काकू, एवढे पैसे कोण देतंय, म्हणाली.

दोन्ही पोरांना पहिल्याच एकट्या सेशनला मॅडमनी सांगितलं की तू इथं जे बोलशील ते मी आईबापाला सांगणार नाही, फक्त जिवाला धोका असेल किंवा कोणी वाईट वागत असेल तर सांगावं लागेल, कारण १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. हे आमच्यासमोर सांगितलं, पोरांनाही आणि आम्हालाही. त्यामुळं घरी आल्यावर काय बोललास रे असं विचारायचा प्रश्नच राहिला नाही. पोरगा खुर्चीत बसून बोलायचा नाही, हुं हुं करायचा, तर मॅडम त्याला व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात झाडांखालून चालायला घेऊन गेल्या. या वयाची पोरं शेजारी शेजारी चालताना बोलतात, डोळ्यात डोळे घालून विचारलं की गप्प होतात, असं त्यांचं म्हणणं.

आता घराच्या नकाशाची गोष्ट. एका सेशनला त्यांनी दोन्ही पोरांना वेगवेगळ्या कागदावर आपल्या घराचा नकाशा काढायला लावला, कोण कुठं झोपतंय, कोणाच्या वस्तू कुठं आहेत. पोरानं सगळं काढलं, कपाट, टेबल, फ्रीज, अगदी गच्चीवरची टाकी. पोरीच्या कागदावर कपाट नव्हतंच. सोफ्याच्या कडेला एक छोटा चौकोन आणि आत लिहिलेलं ‘माझी बॅग’. कपडे माझ्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात होते तिचे, पण तिला ते तिचं वाटत नव्हतं, ती अजून बॅगेतूनच राहत होती. मॅडमनी मग प्रेम करा, आपलं माना असं काही न सांगता सरळ विचारलं की घरात किती खोल्या, कुठं कडी आहे, कुठं नाही. दोन खोल्या, हॉल, किचन. आतली लहान खोली पोरीला दिली, दाराला आतून कडी बसवली. पोराला हॉलच्या कोपऱ्यात सुताराकडून प्लायवूडचं पार्टिशन घालून घेतलं, टेबल, दिवा आणि एक ड्रॉवर, त्याला कुलूप, किल्ली फक्त त्याच्याकडं. खर्च झाला, पण घरात आजवर जे काही घेतलं त्यात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच.

आणि एक गोष्ट मॅडम अजिबात न लाजता बोलल्या ज्याच्यावर आपल्याकडं कोणी बोलत नाही. १५ वर्षांचा मुलगा आणि १३ वर्षांची मुलगी, लहानपणापासून एकत्र वाढलेली नाहीत, एकदम त्यांना बहीणभाऊ म्हणून एका घरात ठेवलंय, तर दोघांनाही अवघडल्यासारखं होणारच. त्यासाठी साधे नियम आणि ते चौघांनाही सारखे: दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही, आंघोळ झाल्यावर बाथरूममध्येच पूर्ण कपडे घालून बाहेर यायचं, कोणी कोणाचा फोन उचलायचा नाही, न विचारता फोटो काढायचा नाही. पोरीच्या पाळीच्या वेळचं सामान तिच्या खोलीत, तिच्या कपाटात, ते कोणाकडं मागायला लागू नये. हे नियम लागल्यावर पोरगा पण मोकळा झाला, तोपर्यंत तो बिचारा घरात बनियनवर यायला सुद्धा घाबरत होता.

बसचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडं कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजना आहे, कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास, कंडक्टर झिरो तिकीट देतो, पण आधारवर पत्ता कर्नाटकचा पाहिजे. मी आणि पोरगी सेशनला वडगावहून बसनं निघालो. कंडक्टर आला, आधार तोरस्री, म्हणजे आधार दाखवा, म्हणाला. माझं बघितलं, झिरो तिकीट फाडलं. पोरीचं बघितलं, चंदगडचा पत्ता, जिल्हा कोल्हापूर. इद महाराष्ट्र ऐती, रोक्क कोडरी, म्हणजे हे महाराष्ट्राचं आहे, पैसे द्या, असं काहीतरी बोलला आणि माझ्याकडं बघून मराठीत विचारलं, तुमची पोरगीच काय ही? अख्खी बस ऐकत होती. मी हो म्हटलं, पैसे दिले, त्या माणसाचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे. पण पोरगी दोन तिकिटं हातात घेऊन बघत बसली, माझं झिरोचं आणि तिचं पैशाचं. सेशनमध्ये तिनं मॅडमना हेच सांगितलं, आणि मला नंतर स्वतःच बोलली, तुमच्या घरात मी पाहुणी आहे ते बसवाल्याला पण कळतंय.

मॅडमनी यावर काय केलं असेल? आधार सेंटरचा पत्ता दिला. पहिल्यांदा यांचा पत्ता बदला, मग कुटुंबप्रमुख म्हणून यांच्या संमतीनं पोरीचा बदलता येतोय, नात्याचा पुरावा लागतो, जन्मदाखला घेऊन जावा म्हणाल्या. पण त्याच्या आधी पोरीला विचारा, तिला बदलायचा आहे का, चंदगडचा पत्ता सुटला म्हणजे आजी-आजोबा सुटले असं तिला वाटत असेल तर थांबा. म्हणून थांबलो. पुढं तिनंच एकदा विषय काढला, बदलूया म्हणाली, शाळेत सगळ्या मुलींना झिरो तिकीट मिळतंय. पोराचं १५ व्या वर्षीचं बायोमेट्रिक अपडेट व्हायचं होतं, ते पण त्याच वेळी उरकलं, दोघं एका बाकावर नंबरची वाट बघत बसलेली. मला या मॅडमचं हे फार आवडतं, मनाचं दुखणं सांगितलं तर त्या त्याच्या मागं असलेली खरी अडचण शोधतात, कागद असू दे नाहीतर कडी.

फोटोचं पण तसंच. माझ्या पहिल्या मिस्टरांचा हार घातलेला मोठा फोटो जुन्या घरी हॉलमध्ये होता. नवीन घरी तो कुठं लावायचा? सासरचे एक म्हणायचे लावूच नको, नवीन माणसाला कसं वाटेल, माहेरचे म्हणायचे देवघराशेजारी लाव. फोटो कपाटावर कागदात गुंडाळलेला राहिला. मॅडमनी ते पोरालाच विचारलं. तो म्हणाला मला हार घातलेला नकोच आहे, सायकलवर बसलेला छोटा फोटो आहे बाबांचा, तो पाहिजे. तोच आता त्याच्या टेबलावर आहे, पार्टिशनच्या आत. मोठा फोटो आजीकडं शहापूरला गेला. यांनी स्वतः त्या छोट्या फोटोला फ्रेम करून आणली खडे बाजारातून, पोराला काही न बोलता टेबलावर ठेवली. पोरगा पण काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून ‘ते’ म्हणायचं सोडून काका म्हणायला लागला. हाकेबद्दल मॅडम ठाम आहेत, काय हाक मारायची ते पोरं ठरवतील, काका, काकू, नावापुढं जी लावून, काहीही, मोठ्यांनी मागायचं नाही.

पोरीच्या आईबद्दलचा नियम जरा कडक वाटला तरी मला पटला. रविवारचा फोन ती खोलीत कडी लावून घेणार, कितीही वेळ, बाहेरून कोणी विचारणार नाही काय म्हणाली आई. यांनी आपल्या आधीच्या बायकोला काही सांगायचं असेल, फी, सुट्टी, काहीही, तर स्वतः सांगायचं, पोरीच्या हातून निरोप नाही. आणि तिच्या आईबद्दल घरात कोणी वाकडं बोलायचं नाही, अगदी पाहुणे आले तरी. पोरीला माझ्या हातची नाचणीची भाकरी आवडायला लागली होती, पण आवडली म्हणायला ती घाबरत होती, आईला कळलं तर वाईट वाटेल म्हणून. एका बाजूला चांगलं वागलं की दुसऱ्या बाजूशी बेइमानी होते असं या मुलांना वाटत असतंय, हे मॅडमनी सांगितल्यावर तिच्या कितीतरी गप्प बसण्याचा अर्थ लागला.

शिस्त कोणी लावायची यावर बरेच वाद होतात, आमच्यात पण झाले. मॅडमचं उत्तर एकदम स्पष्ट: ज्याचं पोर त्यानंच रागवायचं. सावत्र आईबापानं पहिली एक-दोन वर्षं तरी शिस्तीच्या भानगडीत पडायचं नाही, ओळख वाढवायची, घराचे नियम दोघांनी मिळून बंद दारामागं ठरवायचे, पण सांगताना सख्ख्यानं सांगायचं. दहावीचा पोरगा रात्री मोबाईल घेऊन बसला तर काका बोलणार नाहीत, मी बोलणार. यांना हे जड गेलं, घरचा कर्ता पुरुष आणि बोलायचं नाही म्हणजे काय? पण मॅडमनी अमेरिकेतल्या पॅट्रिशिया पेपरनाउ म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, आयुष्यभर अशाच कुटुंबांबरोबर काम केलेल्या, त्यांचं म्हणणं समजावून सांगितलं. बाहेरून आलेला मोठा माणूस लगेच पालक व्हायला गेला की बहुतेक वेळा बिघडतंय, आणि अशी घरं बसायला महिने नाही, वर्षं लागतात, लवकरात लवकर चार वगैरे, बऱ्याच जणांना सात. शिवाय १० ते १४ या वयातल्या पोरांना हा बदल सगळ्यात जास्त जड जातो. सात वर्षं ऐकून हे आधी हादरले आणि मग निवांत झाले, म्हणजे आपलं काही बिघडलेलं नाही, वेळच लागतोय, असं म्हणाले. माझ्या मते नुसत्या एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा फी दिली तर चालेल, कारण सहा महिन्यात सगळं गोड झालं नाही म्हणून किती घरात परत तोडायची भाषा सुरू होते.

सहीचं आणि आडनावाचं जरा सविस्तर लिहिते, कारण ही माहिती कोणी देत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आई आणि वडील आहेत, त्यात सावत्र आई, सावत्र वडील येत नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पोरीच्या शाळेच्या कागदावर पालक म्हणून मी सही करणं बरोबर नाही, यांनीच करायची, आणि माझ्या पोराच्या कागदावर मी. आम्ही शाळेत तसंच सांगून ठेवलंय. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी पाहुण्यांनी विषय काढला की आता पोराचं आडनाव बदला, सगळ्यांचं एक असलेलं बरं. मॅडम म्हणाल्या मी वकील नाही, वकिलाला भेटा, पण मुलाला आधी विचारा. वकिलानं सांगितलं की २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं आंध्रातल्या एका केसमध्ये निकाल दिलाय, पहिला नवरा वारल्यावर दुसरं लग्न केलेली आई मुलाची नैसर्गिक पालक आहे आणि आडनाव ठरवायचा हक्क तिला आहे, सासरच्यांना नाही, आणि कागदपत्रात नवऱ्याचं नाव ‘सावत्र वडील’ म्हणून लावायला लावणं हे मुलाच्या मनाला क्रूर आहे असंही कोर्टानं म्हटलं. म्हणजे बदलायचा हक्क मला होता. पोराला विचारलं. बाबांचंच राहू दे, म्हणाला. विषय संपला, फॉर्म तसाच गेला.

कन्नडचा त्रास सीमाभागातल्या सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रातून इकडं आलेल्या पोरीला शाळा मराठी माध्यमाची मिळाली तरी कन्नड सुटत नाही, २०१५ च्या कायद्यानं ते सगळ्या शाळांत शिकवायलाच लागतंय. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. सगळे म्हणाले भाऊ आहे की घरात, शिकवेल तो, त्यानं प्रेम पण वाढेल. मॅडम नको म्हणाल्या. आधीच घर, गल्ली, शहर सगळं त्याच्या ओळखीचं, त्यात तो मास्तर आणि ती विद्यार्थीण झाली तर ती अजून खाली जाईल. शेजारच्या एका अक्कांकडं शिकवणी लावली. मला हा सल्ला सगळ्यात जास्त आवडला, कारण सगळं जग उलटं सांगत होतं. मध्यंतरी ती आपणहून बसचे बोर्ड मोठ्यानं वाचायला लागली, चुकलं की पोरगा हसायचा आणि ती त्याला हाणायची, तेवढं चालतंय.

सणाला पण एकत्रच असलं पाहिजे असा हट्ट नको, म्हणाल्या. पहिल्या गणपतीला पोरगी चंदगडला आजी-आजोबांकडं गेली, यांच्याबरोबर, आणि पोरगा त्याच्या गल्लीतल्या मंडळात. बेळगावचा गणपती सोडून कुठं जातोय तो, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पोरं घरीच नसतात. मी दोन दिवस एकटी होते घरात, वाईट वाटलं, पण दोघंही परत आली ती खूश होऊन आली. दुसऱ्या वर्षी पोरीनं स्वतः विचारलं, मिरवणूक बघायला मी थांबू काय. आजी-आजोबांना फोन तिनंच केला.

आता अर्धा स्टार. एक तर वेळ. शाळा-क्लास सांभाळून पोरांना जमेल असा वेळ म्हणजे शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना पाहिजे असतंय, दोन-तीन आठवडे नंबर लागत नाही. दुसरं, बाहेर बसायची जागा आणि आतली खोली यांच्यामध्ये नुसतं पातळ दार, आतलं बोलणं पुसट का होईना ऐकू येतंय, पोरगी त्यामुळं सुरुवातीला कुजबुजायची. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी बाहेर रेडिओ लावायला सुरुवात केली, पण खरं म्हणजे दार बदलायला पाहिजे. तिसरं फी. एका सेशनला हजाराच्या आतच आहे, पण पोरं वेगळी, मोठी वेगळी म्हटल्यावर महिन्याचा आकडा वाढतो, आमच्यासारख्या सोसायटीत क्लार्क आणि उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्यांना विचार करायला लागतो. विचारल्यावर त्यांनी थोडं कमी केलं, पण आपणहून सांगत नाहीत. ऑनलाइन सेशन पण घेतात, ते मात्र पोरांसाठी घेऊ नका, घरात बाजूला कोण आहे या भीतीनं पोरं काही बोलत नाहीत.

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी लिहिते, थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला, चोवीस तास, फुकट, कन्नडमध्ये पण बोलतात आणि मराठीत पण. मुलांनी स्वतः फोन करायचा असेल तर १०९८ चाइल्डलाइन. सरकारी दवाखान्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी वेगळं केंद्र असतंय, इकडं त्याला स्नेह क्लिनिक म्हणतात, शिनोळीकडं महाराष्ट्रात गेलात तर मैत्री क्लिनिक. आणि खाजगीत कोणाकडंही जाताना आधी विचारा काय शिकलाय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचं, म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन पाहिजे, नंबर मागायला लाजू नका, चांगली माणसं लगेच दाखवतात. कौन्सेलर असा बोर्ड कोणीही लावतोय. पहिल्याच भेटीत पोराला ‘आता हीच तुझी आई’ म्हणणारं कोणी भेटलं तर पैसे देऊन उठा.

घरी सगळं छान झालंय असं मी लिहिणार नाही. परवाच चार्जरवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, अगदी ओरडाओरडी, आणि मला ऐकून बरं वाटलं, कारण आधी ती दोघं भांडत सुद्धा नव्हती, पाहुण्यांसारखी सरकून वाट द्यायची. पोरगी अजून महिन्यातून एकदा चंदगडला जाते आणि येताना डोळे सुजलेले असतात. पोरगा यांच्याबरोबर अजून एकटा लांब कुठं जात नाही. सेशन चालूच आहेत, आता कमी झालेत, पोरं दोघंही आपणहून यायला तयार असतात.

अपॉइंटमेंट घेणाऱ्यांसाठी एवढंच, फोनवरच पोरांची वयं सांगा आणि पहिली वेळ फक्त नवरा-बायकोची मागा. खानापूर, निपाणीकडून येणार असाल तर सकाळचा पहिला नंबर मागा म्हणजे दुपारपर्यंत परत जाता येतंय. दहावीचं पोर असेल तर दिवाळी झाली की लगेच नंबर लावा, जानेवारीनंतर परीक्षेच्या टेन्शनवाल्या मुलांची एवढी गर्दी असते की मार्चपर्यंत शनिवार-रविवार मिळत नाही.